काउंटी अडकली, राज्य सुटलं

आमचा मामा कॉन्ट्रॅक्टर. सोलापुरात गटारी, रस्ते असली कामं घेतो, बिल कुठं ना कुठं अडकलेलंच असतं, तरी "सरकारी पैसा बुडत नाय बे, लेट होतो" हे त्याचं ठरलेलं. परवा त्याला लिंकन काउंटी विरुद्ध ल्युनिंग ही अमेरिकेतली केस सांगितली.

काउंटी म्हणजे साधारण आपली जिल्हा परिषद समजा. ही नेवाडा राज्यातली, मुख्यालय पिओश, चांदीच्या खाणींचं गाव. काउंटीने बाँड, म्हणजे कर्जरोखे, काढले होते. त्या काळी बाँडच्या कागदालाच व्याजाची कुपनं असायची, तारीख आली की कुपन कापून द्यायचं आणि व्याज घ्यायचं. इथं पैसेच मिळेनात म्हणून बाँडवाला ल्युनिंग फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात गेला, तर काउंटी म्हणते आम्ही राज्याचाच भाग, आणि ११व्या घटनादुरुस्तीमुळं राज्यावर असा दावा चालतच नाही! पैसे घेताना कुणाला आठवलं नव्हतं हे.

३ मार्च १८९० ला सुप्रीम कोर्टाने ते उडवून लावलं. काउंटी ही कॉर्पोरेशन आहे, राज्याचा भाग म्हणायचा तर लांबून लांबून, तेव्हा दावा चालणार.

आता खरी गंमत. त्याच दिवशी त्याच कोर्टाने हान्स विरुद्ध लुइझियाना हा निकालही दिला. हान्सकडं पण बाँडच होते, राज्याने १८७९ च्या नव्या घटनेत व्याज द्यायचं नाकारलेलं. हान्स तर लुइझियानाचाच नागरिक, आणि ११व्या दुरुस्तीतले शब्द दुसऱ्या राज्याच्या नागरिकांनी लावलेल्या दाव्यांबद्दल आहेत, तरी तो हरला. म्हणजे मोठा कर्जबुडव्या सुटला, छोटा सापडला. मला हे अजिबात पटत नाही, ल्युनिंगचा निकाल बरोबर होता आणि हान्सलाही तोच न्याय लावायला पाहिजे होता.

पण काउंटीचं कर्ज फेडलं कुणी तेही बघा. याच काउंटीने पिओशमध्ये १८७२ ला कर्ज काढून कोर्टहाऊस बांधलं, मूळ अंदाज २६ हजार डॉलरच्या आसपास. व्याजावर व्याज, जुन्या कर्जासाठी नवं कर्ज, असं करत आकडा दहा लाखाच्या घरात गेला आणि १९३० च्या दशकात कुठं ते फिटलं, तोवर इमारत वापरायलाही नालायक ठरवली होती. खाणी बसल्या, माणसं गाव सोडून गेली, जी राहिली त्यांच्या टॅक्समधून हे सगळं गेलं.

मामाने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, आपल्याकडं दावा लावता येतो का? येतो की, म्हटलं, सरकारवर लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यायची. "आणि पुढचं टेंडर कोण देणार, तुझा ल्युनिंग?"