तुम्ही विचारलंत म्हणून: स्कूटरचं ऑइल मी स्वतः का बदलते

"सिस्टर, तुमी काऊन हात काये करता? फाट्यावरचा पोट्टा दहा मिनिटात ऑइल बदलून देते."

हा प्रश्न मला लसीकरणाला आलेल्या आयांनी विचारलाय, आशाताईंनी विचारलाय, शाळेतल्या गुरुजींनी विचारलाय. परवा आमच्याकडे नव्यानं रुजू झालेल्या मुलीनंही विचारला, तेव्हा ठरवलं की एकदा नीट लिहूनच सांगावं. मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे. पाच गावं माझ्याकडे आहेत आणि या गावांना जोडणारी माझी स्कूटर आहे, 110 सीसीची. एसटी दिवसातून दोनदा येते, तीही पावसाळ्यात येईलच असं नाही. ही गाडी बंद पडली की माझं काम बंद पडतं.

पैसे वाचतात म्हणून मी हे करते, असं बहुतेकांना वाटतं. पैसे फारसे वाचत नाहीत. बाटली तेवढ्याचीच येते, मजुरीचे पन्नास-साठ रुपये काय ते वाचले. कारण वेगळं आहे आणि ते 2018 सालच्या डिसेंबरातलं आहे.

त्या वर्षी 27 नोव्हेंबरपासून राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली होती. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला लस द्यायची होती. आधी शाळा, मग अंगणवाड्या, मग राहिलेली घरं. रोज सकाळी लसीचा डबा घेऊन निघायचं आणि संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा. गाडीचं ऑइल बदलायचं राहूनच गेलं होतं. एका संध्याकाळी मीटिंग आटोपून येताना हायवेच्या फाट्यावर नवीन दुकान दिसलं. 'दहा मिनिटांत ऑइल चेंज', मोठ्या अक्षरात. मी थांबले.

सतरा-अठरा वर्षांचा मुलगा होता. त्यानं गाडी मेन स्टँडवर घेतली, खाली बसला, पाना लावला. मी बाजूच्या बाकड्यावर बसून फोनवर आकडे सांगत होते. मधेच माझं लक्ष गेलं तेव्हा खालच्या ट्रेमध्ये चहाच्या एका कपाएवढंच ऑइल पडलेलं होतं, आणि तेही फारसं काळं नव्हतं. ते मी पाहिलं. पाहून परत फोनवर बोलायला लागले. त्यानं बोल्ट बसवला, वरून बाटली ओतली, कापडानं पुसलं आणि म्हणाला, "झालं दीदी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर मागून निळसर पांढरा धूर. मला वाटलं, थंडी आहे. गाडी जड चालत होती. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर मागच्या चाकाकडून 'घूंऽऽ' असा आवाज यायला लागला. जात्यावर कोरडं दळताना येतो तसा. जंगलाचा पट्टा लागला तेव्हा त्याची करकर झाली होती.

टिपेश्वर अभयारण्य आमच्यापासून फार लांब नाही. त्याच नोव्हेंबरच्या सुरुवातीला राळेगाव तालुक्यात बोराटीच्या जंगलात टी-1 ही नरभक्षक ठरवलेली वाघीण मारली गेली होती आणि तिच्या दोन पिल्लांचा शोध सुरू होता. त्या महिन्यांत आमच्याकडे कापूस वेचायलाही बायका एकट्या जात नव्हत्या. अशा रस्त्यावर, सकाळी नऊला, लसीचा डबा पायाशी घेऊन मी उभी होते आणि पुढच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पोरं रांगेत बसलेली होती. फोनला रेंज नव्हती. वीस मिनिटांनी कापसाच्या गाठोड्यांची एक बंडी, म्हणजे बैलगाडी, आली. स्कूटर वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लावली आणि डबा मांडीवर घेऊन मी त्या बंडीतून गेले. लसीला काही झालं नाही, बर्फाच्या चार पिशव्या असतात त्या डब्यात. सत्र दीड तास उशिरा सुरू झालं. दोन आया मजुरी बुडते म्हणून लेकरांना घेऊन निघून गेल्या होत्या. त्यांच्या घरी मला परत जावं लागलं.

गाडी टेम्पोत टाकून तालुक्याच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी दोनच बोल्ट खोलले आणि मला जवळ बोलावलं. स्कूटरला खाली ऑइल सोडायचे दोन बोल्ट असतात, हे मला त्या दिवशी कळलं. एक इंजिनचा, एक मागच्या चाकाजवळच्या गिअरच्या डब्याचा. गिअरच्या डब्यात सव्वाशे मिलीच्या आसपास ऑइल असतं, एक कप. त्या मुलानं गिअरचं ऑइल काढून टाकलं होतं आणि नवी बाटली इंजिनात ओतली होती. इंजिनातलं जुनं तसंच. म्हणजे गिअर कोरडे आणि इंजिनात मापाच्या जवळपास दुप्पट. इंजिनात ऑइल जास्त झालं की क्रँक, म्हणजे आतला फिरणारा दांडा, ते घुसळतो, फेस येतो, ते वाफेच्या नळीनं एअर फिल्टरमध्ये चढतं आणि जळून धूर होतो. मिस्त्रींनी इंजिनचा बोल्ट खोलला तेव्हा काळं-सोनेरी असं मिसळलेलं ऑइल किती तरी वेळ पडतच राहिलं. मागचे बेअरिंग आणि गिअर गेले. सत्तावीसशे रुपये लागले.

मी त्या दुकानात परत गेले. मालक नव्हता. मुलगा म्हणाला, "दीदी, गाडी तर इथून चालत गेली होती." त्याचं खोटं नव्हतं. बोलता बोलता कळलं की त्याला पगार नाही, गाडीमागे वीस रुपये मिळतात. एका गाडीवर वीस मिनिटं थांबला तर त्याची मजुरी जाते. ट्रेमध्ये एवढंसंच कसं पडलं, हे थांबून बघायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि वेळही दिला नव्हता. त्याच्यावर रागवायचं म्हणून गेले होते, रागावता आलं नाही. राग त्या पाटीचा येतो. इंजिनच्या आतल्या भिंतींना चिकटलेलं ऑइल खाली उतरायलाच पाच-सात मिनिटं लागतात. दहा मिनिटांत सगळं उरकायचं तर कुठे ना कुठे कात्री लागणारच.

नंतर मी लोकांना विचारत गेले, तर प्रत्येकाकडे एक गोष्ट निघाली. माझ्या भावाच्या मोटरसायकलमध्ये कुणीतरी ड्रममधलं सुटं ऑइल टाकलं, कारला चालणारं. आठवड्यात क्लच घसरायला लागला. मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, ती क्लचच्या प्लेटींना धरूच देत नाहीत. म्हणून मोटरसायकलच्या बाटलीमागे 'जासो एमए' किंवा 'एमए2' लिहिलेलं असतं. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिच्या बाटलीवर 'एमबी' असतं. शेजारच्या गावातल्या ग्रामसेवकांच्या गाडीचा बोल्ट इतका आवळला होता की ॲल्युमिनियमचे आटे गेले, आणि सांगायचं सोडून दुकानदारानं वरून एम-सील लावून दिलं. थेंब थेंब गळत राहिलं. त्या गाडीला ऑइल कमी झाल्याचा दिवाही नव्हता. उन्हाळ्यात इंजिन जाम झालं तेव्हा कळलं.

आणि तो जाड ऑइलचा आग्रह! "आपल्याकडे पंचेचाळीस डिग्री राहते, 20 डब्ल्यू 50 टाका." इंजिन चालू असताना आतलं ऑइल तसंही आपल्या उन्हापेक्षा कितीतरी जास्त तापतं. बनवणाऱ्यानं ते धरूनच जाडीचं माप दिलेलं असतं. माझ्या गाडीच्या पुस्तकात त्याहून पातळ 10 डब्ल्यू 30 लिहिलंय, मी तेच टाकते, मे महिन्यातही.

शिकले कुणाकडून, हेही विचारतात. थोडं त्या मिस्त्रींकडून, पण खरं तर बाबांकडून, लहानपणीच. आमच्या वावरातल्या विहिरीवर पाच एचपीचं ऑइल इंजिन होतं. बाबा त्याचं मोबिल, म्हणजे इंजिनचं ऑइल, बदलायचे तेव्हा मी रॉकेलची चिमणी धरून बसायची. गरम इंजिन बंद करून ते बोल्ट काढायचे आणि मग काहीच करायचे नाहीत. बिडी शिलगवायचे. मी म्हणायची, झालं ना बाबा, लावा आता. ते म्हणायचे, "थांब न माय, थेंब पडू दे." पहिल्यांदा धार असायची, मग तिचा दोरा व्हायचा, मग थेंब, मग दोन थेंबांमधलं अंतर वाढत जायचं. जुनं मोबिल ते अंगठा आणि बोटात चोळून बघायचे. कण लागतात का, पांढरट आहे का. पांढरट म्हणजे पाणी गेलंय. हे सगळं मला येत होतं, फक्त स्कूटरशी त्याचा संबंध आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

आता मी एखाद्या रविवारी अंगणात फरशीवर गाडी मेन स्टँडवर लावते. तीन-चार मिनिटं चालू ठेवते, म्हणजे ऑइल पातळ होतं. बंद करून थोडं थांबते, हात भाजू नये म्हणून. वरची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची दांडी, आधीच सैल करून ठेवते, हवा मिळाली की धार नीट लागते. मग इंजिनचाच बोल्ट, दोनदा बघून. त्याच्या शेजारी मी पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलाय. खाली जुनी घमेली. आणि मग बाबांसारखं बसून राहायचं, पंधरा मिनिटं तरी. बोल्टचं वायसर दर वेळी नवीन घालते. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे, पण जुनं चपटं झालेलं असतं आणि ते गळू नये म्हणून माणूस बोल्ट जास्त आवळतो, तिथेच आटे जातात. बोल्ट पहिले चार-पाच फेरे बोटांनीच फिरवते. बोटांनी फिरला नाही तर तो तिरका लागलाय, काढायचा आणि परत लावायचा. पाना सगळ्यात शेवटी, आणि तोही आखूड धरून.

ओतताना बाटली सरळ उपडी करत नाही. पुस्तकातल्या मापापेक्षा थोडं कमी टाकून, गाडी दोन मिनिटं चालवून, बंद करून, दोन-तीन मिनिटांनी डिपस्टिक बघते. माझ्या गाडीत ती बघताना आटे आवळायचे नसतात, नुसती टेकवायची. प्रत्येक गाडीचं वेगळं असू शकतं, पुस्तकात असतं. दोन रेघांच्या मध्ये आलं की बस.

बाटली विकत घेताना झाकणाखालचं सील बघते. रिकामी झालेली बाटली विळ्यानं कापूनच टाकते, कारण रिकाम्या बाटल्या परत भरून विकणारे आहेत. वहीत तारीख, किलोमीटर आणि बाटलीवरचा बॅच नंबर लिहून ठेवते. ही आमच्या कामाची सवय. लस देण्याआधी मी आयांना कुपी दाखवते. कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस उष्णतेनं खराब झालेली नाही. निरक्षर बाईलाही ते दिसतं. तिच्या लेकराच्या अंगात काय चाललंय ते तिनं डोळ्यांनी बघावं, असा माझा हट्ट असतो. मग ज्या गाडीवर मी रात्री अडलेल्या बाळंतिणीकडे जाते, तिच्या पोटात काय गेलं ते मी बघू नये?

जुन्या ऑइलचं मात्र जपून करावं लागतं, आणि हे मी सगळ्यांना कळकळीनं सांगते. आमच्याकडे ते बंडीच्या आखाला लावतात, उधई लागू नये म्हणून खांबांना लावतात, आणि काही जण जनावरांच्या खरजेवर, स्वतःच्या गजकर्णावरही लावतात. कातडीला ते अजिबात लावू नका. जळक्या ऑइलमध्ये धातूचे कण असतात आणि इंजिनात तयार झालेली अशी द्रव्यं असतात जी कातडीवर वारंवार राहिली तर कॅन्सरचा धोका असतो. मी हातमोजे घालते, ते बाजारातून स्वतः आणलेले. नालीत किंवा विहिरीजवळ तर एक थेंब नाही. 2016 च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांमध्ये वापरलेलं ऑइल येतं. मी ते जुन्या डब्यात साठवते आणि तालुक्याला गेले की मिस्त्रींच्या पिंपात टाकते, तिथून ते गोळा करणारे घेऊन जातात.

सगळ्यांनी स्वतःच करावं असं मी म्हणत नाही. नवी गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिसलाच न्या, नोंद लागते. चांगला मिस्त्री असेल तर त्याच्याकडे न्या आणि त्याला घाई करू नका. पण तिथे बसा, फोन ठेवा बाजूला, आणि ट्रेमध्ये किती पडतं ते बघा.

त्या नवीन मुलीनं विचारलं तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं की रविवारी ये. तिच्या गाडीचं वायसर मी काल तालुक्यावरून आणून ठेवलंय. तिला सांगितलंय, पुस्तक घेऊन ये, आणि दोन तास काढून ये.