नैरोबीतील कार्यालय: स्त्रियांचे हक्क आणि व्हाउचर

संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएन विमेन' या संस्थेच्या नैरोबी येथील कार्यालयात मी ऑपरेशन्सचे, म्हणजे खरेदी, हिशेब, प्रवास, वाहने, सुरक्षितता आणि दैनंदिन व्यवस्थेचे काम पाहते. गावोगावी फिरून स्त्रियांना त्यांच्या हक्कांची माहिती देत असेन, अशी घरच्या मंडळींची समजूत आहे. ते काम कार्यक्रम विभागातील सहकारी करतात. माझ्या टेबलावर येतात ती दरपत्रके, करारनामे आणि बिले. तरीही एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर माझे ठाम मत झाले आहे की स्त्रियांच्या हक्कांचे काम करणाऱ्या संस्थेची खरी परीक्षा तिच्या व्हाउचरमध्ये होते.

संस्था तशी तरुण आहे. जुलै २०१० मध्ये महासभेच्या ठरावाने चार जुन्या यंत्रणा एकत्र आणण्यात आल्या आणि जानेवारी २०११ पासून तिचे काम सुरू झाले. नैरोबीचा स्त्री-हक्कांच्या चळवळीशी असलेला संबंध मात्र त्याहून जुना आहे, कारण १९८५ ची तिसरी जागतिक महिला परिषद याच शहरात भरली होती. आमचे कार्यालय गिगिरी भागातील संयुक्त राष्ट्रांच्या विस्तीर्ण आवारात आहे. जवळच करुरा जंगल आहे, जे बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून केनियाच्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस मार खाऊन लढा दिला. पुढे २००४ मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

खरेदीचे उदाहरण घ्या. प्रशिक्षणासाठी जेवण पुरवणाऱ्याची निवड करताना किमान काही दरपत्रके मागवायची, अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दराचे स्वीकारायचे, हा नियम वरवर सर्वांना सारखाच आहे. प्रत्यक्षात मागील वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, मोठी उलाढाल आणि बिल निघेपर्यंत थांबण्याइतके भांडवल या अटींवरच घरगुती पातळीवर व्यवसाय करणारी बाई बाद होते. जगभरातील सरकारी खरेदीत स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांचा वाटा अंदाजे १ टक्का आहे, असे आमचीच संस्था सांगते. केनिया सरकारने आपल्या खरेदीतील ३० टक्के हिस्सा स्त्रिया, तरुण आणि अपंग व्यक्तींच्या उद्योगांसाठी राखून ठेवला आहे, हे पाऊल मला फार मोलाचे वाटते. आम्ही मोठ्या कंत्राटाचे लहान भाग करतो, निविदेची भाषा सोपी ठेवतो, पुरवठादार स्त्रियांना अर्ज कसा भरायचा हे बसवून समजावतो. परंतु या सगळ्याहून महत्त्वाचे म्हणजे बिल वेळेवर देणे. येथे आपल्या बचत गटांसारखे 'चामा' असतात. त्यातून कर्ज काढून एखादीने पीठ आणि मटण भरलेले असते, आणि तिचे बिल माझ्याकडे पडून राहिले तर त्याचे व्याज तिच्या खिशातून जाते. न्यूयॉर्कच्या मुख्यालयाची मान्यता लागली, तर तेथील कामकाज सुरू होईपर्यंत आमच्याकडे दुपारचे चार-पाच वाजतात. म्हणून अशा फायली मी सकाळीच पूर्ण करून ठेवते.

सभागृह ठरवताना मी स्वतः जाऊन स्वच्छतागृहांच्या कड्या लागतात का, बाहेरच्या वाटेवर दिवे आहेत का आणि अंगावर पाजणाऱ्या आईला बसायला स्वतंत्र खोली मिळेल का, हे पाहते. तान्हे बाळ आणि त्याला सांभाळायला सोबत येणारी बाई यांच्या खर्चाची ओळ अंदाजपत्रकात सुरुवातीलाच असली पाहिजे, यावर माझा कटाक्ष असतो. ती ओळ नसेल तर ती आई प्रशिक्षणाला येतच नाही, आणि ती आली नाही याची नोंदही कुठे होत नाही.

२५ जून २०२४ रोजी वित्त विधेयकाविरोधात तरुण रस्त्यावर उतरले आणि निदर्शक संसदेत शिरले, त्या दिवशी प्रत्येक सहकाऱ्याशी संपर्क साधणे हे आमचे पहिले काम होते. त्या यादीत कंत्राटदारामार्फत येणाऱ्या सफाई कामगार स्त्रियाही होत्या, कारण शहरातील माटाटू, म्हणजे प्रवासी मिनीबस, बंद पडले की सर्वांत आधी त्याच अडकतात.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो मात्र प्रवासखर्चाच्या एका यादीने. काजियाडो काउंटीतील मासाई स्त्रिया प्रशिक्षणाला आल्या होत्या आणि त्यांचे पैसे एम-पेसावरून द्यायचे होते. २००७ मध्ये सुरू झालेल्या या मोबाइल सेवेवर आता केनियातील लहानमोठे बहुतेक व्यवहार चालतात. आमचा नियम असा की हजेरीपटावरील नाव, ओळखपत्रावरील नाव आणि मोबाइल क्रमांक ज्याच्या नावावर आहे ते नाव, ही तिन्ही जुळली पाहिजेत. यादी तपासताना लक्षात आले की कित्येक क्रमांक नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर आहेत; काहींकडे राष्ट्रीय ओळखपत्रच नव्हते, त्यामुळे स्वतःच्या नावाचे सिमकार्डही नव्हते. स्त्रियांना परतीची गाडी गाठायची होती, तेव्हा या वेळेपुरता नियम बाजूला ठेवावा, अशी कार्यक्रम विभागाची विनंती होती. मी नकार दिला. नवऱ्याच्या फोनवर गेलेले पैसे बाईच्या हाती पडतील, याची हमी कोण देणार होते? महाराष्ट्रात २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेसाठी स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले खाते हवे म्हणून बायकांनी बँकांपुढे लावलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

पण ओळखपत्र नाही म्हणून त्यांना रिकाम्या हाती पाठवणेही तितकेच अन्यायाचे ठरले असते. शेवटी लेखी मान्यता घेऊन तेथेच रोख रक्कम दिली, सही किंवा अंगठा घेतला, गटाच्या अध्यक्षबाई आणि आमची एक सहकारी साक्षीदार म्हणून बसल्या. एका वयस्क बाईंनी नोटा दोनदा मोजल्या, तिसऱ्यांदा शेजारणीकडून मोजून घेतल्या, मग अंगावरच्या लाल शुकाच्या, म्हणजे मासाई लोक अंगाभोवती गुंडाळतात त्या वस्त्राच्या, टोकाला घट्ट गाठ मारून त्या ठेवल्या आणि त्यानंतरच अंगठा उमटवला.

त्या यादीमुळे आता असा प्रस्ताव पुढे आला आहे की पुढील प्रशिक्षणाच्या ठिकाणीच ओळखपत्र नोंदणीच्या सरकारी कर्मचाऱ्यांना बोलवावे. त्यासाठी लागणारी गाडी, इंधन, जादा एका दिवसाचे सभागृहाचे भाडे आणि छायाचित्रांचा खर्च यांचे अंदाजपत्रक सध्या माझ्याकडे आहे. बाळांच्या खर्चाची ओळ त्यात आहे.