उभ्या पिकातली वाट: चिपिंग कॅम्डन ते ब्रॉडवे

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागात जाणारा बहुतेक पर्यटक मधाच्या रंगाच्या दगडी घरांपुढे उभा राहून फोटो काढतो, चहा पितो आणि गाडीत बसून पुढच्या गावाला तेच करायला निघतो. घरे सुंदर आहेत हे मान्य केले, तरी तिसऱ्या गावानंतर ती एकसारखी दिसू लागतात, हेही खरे आहे. म्हणून बर्मिंगहॅमला राहणाऱ्या भाचीने जेव्हा चिपिंग कॅम्डनहून ब्रॉडवेला पायी जायचा बेत मांडला, तेव्हा मी तो ताबडतोब उचलून धरला. मोटारीने पाव तासात उरकणारे हे अंतर पायवाटेने साधारण साडेनऊ किलोमीटर भरते, आणि बाथपर्यंत जाणाऱ्या १६४ किलोमीटरच्या ‘कॉट्सवोल्ड वे’चा हा अगदी सुरुवातीचा तुकडा आहे.

कॅम्डनचे रेल्वे स्टेशन १९६६ मध्येच बंद झाले असल्यामुळे मॉर्टन-इन-मार्शला उतरून पुढे बस धरावी लागते. गावात बॅप्टिस्ट हिक्सने १६२७ मध्ये बांधून दिलेला बाजारमंडप अजून उभा आहे आणि त्याची उंचसखल फरशी शतकानुशतकांच्या पायांनी गुळगुळीत झाली आहे. तिथून चढून डोव्हर्स हिलवर आलो. या टेकडीवर १६१२ च्या सुमारास रॉबर्ट डोव्हर याने खेळांचा मेळा सुरू केला, आणि एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारण्याची स्पर्धा त्या मेळ्यात आजही होते. नडग्या वाचवण्यासाठी स्पर्धक विजारीत पेंढा कोंबतात, हे भाचीने इतक्या गंभीरपणे सांगितले की ती थट्टा करते आहे असेच मला वाटले. पण ते खरे आहे. खाली इव्हशॅमचे खोरे पसरलेले दिसत होते. त्यापुढची माइल ड्राइव्ह नावाची रुंद, हिरवळीची पट्टी गप्पांत कधी संपली ते कळले नाही.

ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते त्यानंतर आले. फाटक उघडले आणि समोर बार्लीचे, म्हणजे आपल्या सातूचे, मोठे शेत उभे होते. वाट त्या शेताच्या कडेने जात नव्हती. ती पिकाच्या मधोमध तिरकी घुसून पलीकडच्या कुंपणापर्यंत सरळ गेली होती. फाटकाच्या खांबावर पिवळा बाण होता आणि त्याशेजारी राष्ट्रीय पायवाटेची ओकफळाची खूण. भाचीच्या नकाशावरही हिरव्या तुटक रेषेने तीच वाट तशीच तिरकी दाखवलेली होती. तरीही माझा पाय उचलेना. उभ्या पिकात पाय घालायचा नाही, हे ज्याला चालायला लागल्यापासून ऐकवले गेले आहे, त्याला एखाद्या बाणाच्या भरवशावर दुसऱ्याच्या शेतातून जाणे जड वाटते.

‘अरे मामा, चल ना, ती वाटच आहे,’ असे म्हणून ती पुढे झाली. वाट जेमतेम मीटरभर रुंद होती. मधली माती पायांनी घट्ट होऊन तिला बारीक भेगा पडल्या होत्या, आणि दोन्ही बाजूंची कणसे आत झुकून चालणाऱ्याच्या मांड्यांना घासत होती. कुसळे पँटच्या कापडात अशी रुतत होती की प्रत्येक थांब्यावर ती उपटत बसावे लागले. पण त्या पट्टीत पिकाचा एकही ताटा नव्हता. तिथली जागा तुडवली जाऊन मोकळी झालेली नव्हती, ती मोकळी ठेवलेली होती.

हे औदार्य नाही, कायदा आहे, हे मला चालता चालता समजत गेले. इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंद झालेली सार्वजनिक पायवाट खासगी जमिनीतून जात असली, तरी तिच्यावरून चालण्याचा हक्क सर्वांचा असतो; शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण पेरणीसाठी नांगरल्यावर १४ दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते आणि निदान एक मीटर रुंदीत पीक येऊ न देण्याची जबाबदारी त्याचीच असते. लोक एखाद्या वाटेने बिनहरकत, उघडपणे सलग २० वर्षे चालत आले असतील, तर तेवढ्या वहिवाटीवरही ती सार्वजनिक ठरू शकते. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे बंधन आले. ते सुखासुखी आले असेही नाही. खुल्या माळांवर फिरण्याच्या हक्कासाठी १९३२ मध्ये डर्बीशरमधल्या किंडर स्काउट पठारावर शेकडो लोक मालकांचा विरोध मोडून चढले होते, आणि त्यापैकी पाच जणांना तुरुंगात जावे लागले होते.

आमच्या पुढे एक मध्यमवयीन जोडपे होते. त्यांनाही बहुधा माझ्यासारखाच संकोच वाटला असावा, कारण ते पिकात न शिरता बांधाच्या कडेने लांबचा वळसा घालून निघाले. ते अर्ध्यावर पोहोचले असतील-नसतील, तोच शेताच्या टोकाकडून एक छोटी उघडी गाडी आली आणि तिच्यातल्या गृहस्थाने त्यांना थांबवले. आता पिकाच्या नासाडीबद्दल बोलणी बसणार, अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात त्याने अत्यंत सभ्यपणे, पण तितक्याच ठामपणे त्यांना सांगितले की वाट मधून आहे, कृपया मधूनच जा; ही कड वाट नाही, ती माझी आहे आणि इथे पक्ष्यांसाठी गवत राखले आहे. ते दोघे ओशाळून परत फिरले, आणि तो आमच्याकडे पाहून हात हलवून निघून गेला.

‘म्हणजे कडेने गेलास तर घुसखोर आणि मधून गेलास तर वाटसरू,’ भाचीने सार काढले. बांधाच्या वीतभर मातीवरून सख्ख्या भावांची तोंडे पिढ्यान्‌पिढ्या फिरलेली ज्याने पाहिली आहेत, त्याला हा प्रसंग किती विलक्षण वाटला असेल, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. त्या शेतकऱ्याला आमचे येणे-जाणे आवडत होते असे मी म्हणणार नाही. पण आपले काय आणि लोकांचे काय, हे त्याला मीटरच्या मापात ठाऊक होते, आणि त्यामुळे त्याला ओरडावे लागले नाही. मला त्या दिवशी सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच, देखावे त्यानंतर.

सगळेच शेतकरी असे आहेत, असा समज मात्र करून घेऊ नये. पुढच्याच एका शेतात गहू थेट वाटेवर पेरलेला होता, आणि आम्ही सकाळच्या दवाने ओला झालेला तो गहू गुडघ्याने बाजूला सारत, बुटांत पाणी घेऊन पलीकडे निघालो. अशी वाट अडलेली आढळली तर काउंटीच्या परिषदेकडे तक्रार करता येते. भाचीने फोटो काढून ती तिथल्या तिथे केली. मी फक्त मोजे पिळले.

फिश हिलपाशी भरधाव वाहनांचा ए-४४ रस्ता ओलांडावा लागतो, आणि इतक्या शांततेनंतर तो आवाज अंगावर येतो. मग ब्रॉडवे टॉवर. ३१२ मीटर उंचीच्या टेकडीवरचा हा मनोरा जेम्स वायटच्या आराखड्यावरून अठराव्या शतकाच्या शेवटी केवळ शोभेसाठी बांधला गेला. वर जायला तिकीट आहे आणि ते माझ्या मते महाग आहे. मनोऱ्याच्या पायथ्यावरून जाणाऱ्या सार्वजनिक वाटेला तिकीट नाही आणि दृश्यात फारसे उणे पडत नाही. आम्ही पायथ्याशीच डबा उघडला.

उताराची वाट मेंढ्यांच्या कुरणांतून थेट ब्रॉडवेत उतरते. प्रत्येक कुंपणाला ‘किसिंग गेट’ आहे: अर्धवर्तुळाकार कठड्यात झुलणारे एक फाटक, ज्यातून माणूस फाटक पुढेमागे ढकलत वळून निसटतो आणि मेंढी अडकून राहते. पाठीवर मोठी पिशवी असली तर माणूसही अडकतो. ब्रॉडवेत पोहोचलो तेव्हा मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, चहाच्या दुकानाबाहेर रांग होती, आणि आमच्या बुटांकडे पाहून तिथल्या बाईंनी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवले. ज्यांना ही वाट चालायची असेल त्यांनी ती कॅम्डनकडूनच चालावी, कारण ब्रॉडवेकडून निघाल्यास पहिलाच चढ दम काढतो. आणि शक्यतो कापणीच्या आधी जावे, नाहीतर ते शेत नुसतेच मोकळे रान दिसेल.