काळी पडली म्हणजे काय झाली?

रावेर तालुक्यातल्या एका पॅकहाऊसवर केळीचा माल तपासणं हे माझं काम. जानेवारीतल्या एका सकाळी दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "माल काळा पडलाय, पैसे कापणार." त्या आठवड्यात आमच्याकडे थंडी मरणाची होती, त्यामुळे निकालही त्यानंच लावून टाकला: बागेतच चरका, म्हणजे थंडीचा फटका, बसलाय. म्हणजे भुर्दंड शेतकऱ्याला.

तासाभरात आप्पा मोटारसायकलवर हजर. "भो, माह्या बागातून माल गेला तव्हा हिरवागार व्हता. काळी पडली म्हंजे काय झाली, ते त्याले ईचार!"

रास्त प्रश्न. आमच्या धंद्यात केळी कशानंही काळी पडते. घड कापताना गळालेला चीक सालीवर वाळला की काळे डाग. म्हणून तर फण्या तुरटीच्या पाण्यातून काढतो. घासली, आपटली, तिथे काळं. पिकल्यावरचे बारीक ठिपके तर गोडीची खूण, गिऱ्हाईक त्यालाच नाक मुरडतं ते सोडा. थंडीचं काळं निराळं. 13 अंशांच्या खाली माल फार वेळ राहिला की साल काळवंडते, राखेचा हात फिरवल्यासारखी, आणि पिकली तरी तिला तेज येत नाही.

व्यापाऱ्याला म्हटलं, "शेठ, एक हिरवी केळी घ्या, नखानं साल वरवर खरवडा, फोटो टाका." सालीखाली तपकिरी उभ्या रेघा. थंडीच लागली होती. आप्पांचा चेहरा उतरला.

पण थंडी बागेतली की गाडीतली? त्याच दिवशी त्याच बागेत कापलेले काही कॅरेट आम्ही लोकल विक्रीसाठी पिकवायच्या चेंबरला लावले होते. काढून पाहिले: रंग धरायला लागलेले, साल खरवडली तर आत एक रेघ नाही. मग शेठना विचारलं, काळे बॉक्स गाडीत होते कुठे? हमालांना विचारून ते म्हणाले, पुढे, गार हवेच्या मशीनच्या तोंडाशी. दाराकडचा माल चांगला. गाडीतल्या तापमानाची नोंद मागवली, तर पुढच्या बाजूला रात्रभर 9 अंशांच्या आसपास. ड्रायव्हरनं आधीच्या खेपेचं सेटिंग बदललंच नव्हतं.

शेठ नरमले. ट्रान्सपोर्टवाल्याशी माझं मी बघतो, आप्पांचे पैसे पूर्ण देतो म्हणाले. मी फोन ठेवला. आप्पा लगेच उठले नाहीत.

"पूर्ण म्हंजे बाजार समितीच्या बोर्ड भावानंच ना, भो?"