अशक्त सातेरी वसाहतीची उभारणी : भाद्रपद ते दिवाळी

पावसाने उघडीप दिल्यावर सातेरी या देशी मधमाशीची पेटी तपासली, तेव्हा आठ चौकटींच्या शिशुकक्षात (पिल्ले वाढतात तो खालचा कप्पा, चौकटीगणिक एक पोळे) माश्या जेमतेम तीन चौकटींवर होत्या. बाकीची पोळी काळी पडून ओस होती आणि कडेच्या पोळ्यात मेण खाणाऱ्या मेणकिड्याने जाळी धरली होती. राणी मात्र चांगली निघाली. पोळ्याच्या प्रत्येक घरात एकच अंडे, तेही तळाशी नीट चिकटलेले, आणि झाकलेली (घरावर मेणाचे झाकण आलेली) पिल्ले सलग, मध्ये फारशी रिकामी घरे नाहीत. एकेका घरात दोन-तीन अंडी वेडीवाकडी दिसली असती, तर कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत असे समजून ही वसाहत सरळ दुसऱ्या वसाहतीत मिसळून टाकली असती. येथे दोष राणीचा नसून उपासमारीचा आणि अपुऱ्या मनुष्यबळाचा (माशीबळाचा म्हणावे हवे तर) होता.

म्हणून सर्वांत आधी घर लहान केले. पिल्लांना ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि ती माश्या स्वतःच्या अंगाने देतात. जे पोळे माश्यांनी झाकलेले नाही त्याची ऊब राखता येत नाही आणि राखणही होत नाही. रिकामी पोळी काढून घेतली, उरलेल्या चौकटी एकमेकींना भिडवून शेजारी विभाजक फळी उभी केली, प्रवेशद्वार दोन माश्या एका वेळी जातील इतकेच ठेवले आणि तळपाटावरचा मेणाचा चुरा खरवडून काढला, कारण मेणकिड्याची पैदास त्यातच होते. सातेरी माशीचा स्वभाव पाहता हे काम टाळून चालत नाही. मेणकिडा, मुंग्या आणि भूक एकत्र आली की ती घर सोडून निघून जाते. स्टँडच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या म्हणूनच रोज पाहतो.

त्यानंतर पाक. पिल्लांची वाढ व्हावी म्हणून साखर आणि पाणी समभाग घेऊन पातळ पाक केला. साठ्यासाठी द्यायचा असता तर दोन भाग साखरेला एक भाग पाणी घेतले असते. करवंटीत पाक ओतून वर वाळक्या काड्या टाकायच्या, म्हणजे माश्या बुडत नाहीत, आणि ती पेटीच्या आत, दिवस मावळल्यावर ठेवायची. दिवसा दिलेला किंवा बाहेर सांडलेला पाक शेजारच्या बळकट वसाहतींना लुटीचे आमंत्रण देतो, आणि अशक्त वसाहतीला प्रवेशद्वार राखणे तेव्हा जमत नाही.

कोल्हापुरात साखरपाकाचा विषय काढला की कोणीतरी म्हणतोच, “साखर कशाला? काकवी पाजा की!” गुळाच्या गावात हा सल्ला स्वाभाविक आहे, पण गूळ आणि काकवी यांतील क्षार व न पचणारे घटक माश्यांना बाधतात आणि त्यांना हगवण लागते. स्वच्छ पांढरी साखरच वापरावी.

पाकाने राणी जास्त अंडी घालू लागली, तरी ती वाढवणाऱ्या माश्या कोठून आणायच्या? सातेरीची कामकरी माशी अंड्यापासून बाहेर पडायला साधारण १९ ते २० दिवस घेते आणि त्यानंतर काही काळ घरातलीच कामे करून मग फुलांवर जाते. म्हणजे आज दिलेल्या पाकाचे फळ चराईत दिसायला महिन्यावर काळ जातो. यासाठी बळकट वसाहतीतून झाकलेल्या, फुटायला आलेल्या पिल्लांची एक चौकट घेतली. तिच्यावरील माश्या मूळ पेटीतच झटकल्या आणि राणी सोबत आलेली नाही याची दोनदा खात्री केली. अळ्यांची चौकट देणे मला पटत नाही, कारण त्यांना भरवायचे ओझे पुन्हा त्याच मूठभर माश्यांवर पडते. झाकलेल्या पिल्लांना फक्त ऊब लागते. देण्यापूर्वी ती चौकट उन्हात धरून बारकाईने पाहावी. थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस दक्षिण भारतातील सातेरी वसाहतींचा मोठा नाश केला होता. त्यात अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. मात्र नराच्या घराच्या झाकणावर मधोमध बारीक छिद्र असतेच, त्याला रोग समजून घाबरू नये.

ऑक्टोबरात चित्र पालटले. करवीर तालुक्याचा सपाट भाग उसाने व्यापलेला, आणि उभ्या उसात माशीच्या हाती काही लागत नाही. तरी बांधावरचे शेवगे, परसातले दोडके-भोपळे, नारळ आणि दसऱ्याचा झेंडू यांवर परागाची सोय झाली. पन्हाळ्याकडच्या माळांवर कारळा फुलतो, पण अशक्त वसाहत प्रवासात हलवणे मी टाळले. पायांवर पिवळ्या गोळ्या घेऊन आत शिरणाऱ्या माश्या वाढल्या, तसा पाक कमी केला आणि कडेची चौकट दोन्ही बाजूंनी माश्यांनी भरल्यावरच पुढची दिली.

दिवाळीला वसाहत पाच चौकटींवर आहे. आता काळजी गुऱ्हाळांची. रस आणि काहिलीच्या वासाने माश्या तिकडे ओढल्या जातात आणि उकळत्या रसात पडून मरतात. बळकट वसाहत तेवढी तूट सोसते, हिला ती परवडणार नाही. पेटी गुऱ्हाळापासून लांब, नारळाच्या बागेत नेऊन ठेवली आहे. मधकक्ष (मध साठवण्याचा वरचा कप्पा) इतक्यात चढवणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलेल, तोवर सातवी चौकट भरली तर त्याचा विचार करीन.