टी-३४/८५, १/३५: ट्रॅक चढले, एक आर्म गेला

टी-३४/८५ या दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत रणगाड्याचं १/३५ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं, प्लॅस्टिक मॉडेल मी जोडतोय. मागच्या वेळी टरेट (तोफेचा वरचा फिरता भाग) पुट्टी माखलेल्या अवस्थेत सोडून उठलो होतो. आता तो रंगलाय, ट्रॅक (चाकांवरचे साखळीपट्टे) चढलेत आणि मध्ये एक अपघातही झालाय. अपघात आधी सांगतो, म्हणजे याच टप्प्यावर कुणी असेल तर वेळीच हात आवरेल.

चाकांमागे आर्मच्या (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या) मुळाशी मी रंग पोचवलाच नव्हता. तिथे कोण वाकून बघणार, हा नेहमीचा आळस. त्यावर इनॅमलचा वॉश (थिनरमध्ये खूप पातळ केलेला रंग) मारला, तोही सढळ हाताने, आणि मॉडेल एका कुशीवर कलतं ठेवून झोपलो. थिनर ओघळून नेमका त्या उघड्या प्लॅस्टिकवर साचला. सकाळी चाकं एका रेषेत आहेत का बघायला बोटाने जरासं दाबलं, तर तिसऱ्या चाकाचा आर्म वाळक्या काडीसारखा कटकन मोडला. पॉलिस्टायरीनवर ताण असेल (हा आर्म भोकात जरा दडपूनच बसवला होता) आणि वर रंगाचं कवच नसेल, तर थिनरमधलं व्हाइट स्पिरिट आत शिरून बारीक चिरा पाडतं. ॲक्रिलिकचा अखंड थर आणि वर वार्निश असतं तर काही झालं नसतं. दोन्ही तुकड्यांना पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने) भोक पाडून अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार घातली, सुपरग्लूचा एक थेंब सोडला. आता तोच आर्म सगळ्यांत मजबूत आहे. बाकीच्या नऊंच्या मुळाशी बारीक ब्रशने प्रायमर लावत बसलो, ते काम आधी केलं असतं तर दहा मिनिटांचं होतं.

आता टरेट. किटमधला टरेट साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत येतो. खरा टरेट ओतीव पोलादाचा, साच्याचा खडबडीतपणा अंगावर तसाच घेऊन कारखान्याबाहेर पडलेला. पातळ सिमेंटचा (प्लॅस्टिक विरघळवणाऱ्या गोंदाचा) हात फिरवायचा, प्लॅस्टिक मऊ पडलं की आखूड कापलेल्या जाड ब्रशने उभं टोचत जायचं, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. मी पहिल्या झटक्यात इतकं टोचलं की टरेटचा फणस झाला. मग हिशेब केला: मॉडेलवर ०.३ मिलिमीटरचा उंचवटा म्हणजे खऱ्या रणगाड्यावर सेंटिमीटरभराचं टेंगूळ! सँडपेपरने निम्म्याहून जास्त घासून काढलं. प्रायमर बसल्यावर जेमतेम जाणवेल इतकंच राहिलं, आणि तेच बरोबर दिसतं. छताला मात्र हात लावायचा नाही. ते लाटलेल्या पत्र्याचं, ओतीव भागावर वेल्डिंगने बसवलेलं. खालचं धड, म्हणजे हलही, लाटलेल्या चिलखती पत्र्यांचंच. सगळीकडे सारखंच टोचलेले टी-३४ मी बरेच पाहिलेत, एक माझ्याच कपाटात आहे.

(३५ ने गुणण्याची ही कटकट कुठून आली, तर तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या साठच्या दशकातल्या पँथर या जर्मन रणगाड्याच्या मॉडेलपासून. त्यात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या, त्या जागेवरून आकार ठरला आणि मोजल्यावर तो साधारण १/३५ निघाला. आपण सगळे आजही त्या बॅटऱ्यांचं देणं फेडतोय.)

रंगाबद्दल थोडक्यात. सोव्हिएत रणगाड्यांच्या ४बीओ नावाच्या हिरव्या रंगाची नेमकी छटा कोणती, या वादात मी पडत नाही. काळपट तपकिरी प्रायमर, त्यावर एअरब्रशने दुधाइतका पातळ हिरवा, साधारण एक बार दाबावर, दोन-तीन फेऱ्यांत. वरचे सपाट भाग उजळायला पांढरा नको, हिरवा खडूसारखा पडतो. मी बफ (फिकट पिवळट तपकिरी) मिसळला, त्याने ऊन लागल्यासारखा उबदार फिका रंग येतो.

या वेळी सर्वांत जास्त वेळ ट्रॅकने खाल्ला. प्रत्येक बाजूला ७२ कड्या: एक सुळकेवाली (मध्ये उभा दात असलेली), एक सपाट, पुन्हा सुळकेवाली. किटमधला व्हिनाइलचा पट्टा मी बाजूला ठेवला, कारण तो रबर बँडसारखा ताठ राहतो. टी-३४ ला वरचे छोटे रोलर नाहीत. ट्रॅकचा वरचा पदर थेट मोठ्या चाकांवर लोळतो आणि चाकाचाकांमध्ये किंचित झुकतो. हा झोक आला नाही तर बाकी कितीही चांगलं करा, खेळणंच वाटतं. कड्या चिकटपट्टीवर ओळीने मांडून पातळ सिमेंट सोडलं, अर्ध्या तासाने जोड अजून लवचीक असतानाच चाकांवरून गुंडाळल्या आणि फेंडरखाली स्पंजचे तुकडे कोंबून रात्रभर दाबून ठेवल्या. डावीकडे एक कडी कमी लावल्याचं स्प्रॉकेटपाशी (ट्रॅक ओढणाऱ्या चाकापाशी) पोचल्यावर कळलं. त्यावर अधिक बोलत नाही.

मग चकाकी. पूर्वी मी ट्रॅकवर सरसकट चंदेरी ड्रायब्रश (जवळपास कोरड्या ब्रशचा हात) मारायचो. या वेळी आधी विचारलं, इथे घासतं काय? टी-३४ च्या स्प्रॉकेटला बाहेर दात नाहीत. दोन तबकड्यांच्या मध्ये रोलर आहेत, ते ट्रॅकच्या सुळक्यांना ढकलतात. म्हणजे धातू धातूला लागतो तो सुळक्यांवर. सुळक्यांच्या दोन्ही बाजूंनी धावतात रबरी धावांची चाकं, त्यामुळे तिथे नुसती मळकट गुळगुळीत वाट. बाहेरच्या अंगाला जमिनीला टेकणाऱ्या कडा घासतात. सुळक्यांवर आणि बाहेरच्या कडांवर २बी पेन्सिलीचं शिसं चोळलं, रबराच्या वाटेवर गडद राखाडी, खाचांत मातीचा पिगमेंट (कोरडी रंगपूड). चंदेरी रंगाची बाटली उघडलीच नाही.

हेच गंजाचं. १९४५ च्या वसंतात लढणाऱ्या टी-३४ ला अंगभर गंज धरण्याइतकं आयुष्य कुठलं? मागच्या दोन एक्झॉस्टना मात्र हवाच, तिथला रंग उष्णतेने आधी जळतो. खरचटे मी हॅचच्या (आत शिरायच्या झाकणांच्या) कडांना आणि टरेटवरच्या दांड्यांभोवती दिलेत, कारण पायदळाचे सैनिक त्याच दांड्या धरून वर बसत आणि त्यांचे बूट तिथेच घासत. स्पंजच्या तुकड्याने, गडद तपकिरी. आधी डाव्या फेंडरच्या टोकावरही चार ठिपके दिले होते. ते तिथे का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून हिरव्याने झाकले.

काल पांढरा पट्टा मारला. बर्लिनच्या लढाईत मित्रराष्ट्रांच्या विमानांना ओळख पटावी म्हणून टरेटभोवती असा पट्टा आणि छतावर फुली काढत. मास्किंग टेप लावून पाहिली, पट्टा छापल्यासारखा निघाला, पुसून टाकला. दुसऱ्यांदा नुसत्या ब्रशने, पातळ पांढऱ्याचे दोन हात. टरेटच्या मागच्या वळणावर हात हलला आणि पट्टा बोटभर खाली उतरला. बोटभर म्हणजे खऱ्या मापात. मॉडेलवर अर्धा मिलिमीटर. थिनरमध्ये बुडवलेला कापूस हातात होता, तो ठेवून दिला.

फुली बाकी आहे. छताच्या मागच्या भागात पंख्यांचे दोन घुमट, डावीकडे कमांडरचा कपोला (बाहेर बघायचा छोटा बुरूज), उजवीकडे लोडरचं हॅच. सरळ रेघ ओढायला जागाच नाही. घुमटांवरून ब्रश तसाच नेलाय की त्यांना वळसा घातलाय, हे बघायला वरून घेतलेले जुने फोटो चाळतोय.