एकच रचना दोघांकडून ऐका

बेथोव्हनचा व्हायोलिन कन्चेर्टो (म्हणजे एकटं व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली, तीन भागांची रचना) कुणाचा ऐकावा, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे : व्हायोलिनवादक डेव्हिड ओइस्त्राखचा, १९५८ साली आंद्रे क्लुइतान्सच्या संचालनाखाली फ्रेंच रेडिओच्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रित झालेला. हे उत्तर मी पुढे पुण्यात नोकरी करताना, स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड विकत घेत घेत शोधलं. शोधायचं कसं, ते मात्र बेळगावात आपल्या शाळेत, शनिवारी शाळा सुटल्यानंतरच्या तासाला शिकले. म्हणून अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितल्यावर दुसरा विषय सुचलाच नाही.

शनिवारी सकाळची शाळा असे. सुटल्यावर ज्यांना घरी जायची घाई नसे ते संगीताच्या खोलीत थांबत. मराठी विभागातली मुलं असत, कन्नड विभागातलीही असत. आमचे संगीताचे सर स्वतः व्हायोलिन मांडी घालून वाजवत, वाद्याचं टोक पायावर टेकवून, आपल्याकडे वाजवतात तसं. पण तरुणपणी कॅम्पातल्या एका गोवेकर वादकाकडे ते उभं राहून, हनुवटीखाली वाद्य धरून, पाश्चात्त्य नोटेशन, म्हणजे तिकडची स्वरलिपी, वाचायलाही शिकले होते. त्यामुळे त्यांच्याकडच्या रेकॉर्डच्या पेटीत दोन्ही जगं शेजारी शेजारी असत.

त्यांची रीत एकच होती. आज मल्लिकार्जुन मन्सूरांचा एखादा राग ऐकवला, की त्याच बैठकीत तोच राग भीमसेनांचा. धारवाड आकाशवाणीवर त्यातलं कुणी लागणार असेल तर आदल्या दिवशी फळ्यावर वेळ लिहून ठेवत. ऐकून झाल्यावर कुणी उत्साहाने म्हणालं, "सर, भीमसेनच भारी," तर सर म्हणत, "कोण भारी ते मी विचारलंय काय? कुठं दम घेतला ते सांग की. कुठं घाई केली ते सांग." मग सगळे गप्प. पुन्हा तबकडीवर सुई.

बेथोव्हन आम्ही असाच ऐकला. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन १९५२ साली नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आले होते आणि पुढे रविशंकरांबरोबर वाजवल्यामुळे ते नाव आमच्याही कानावरून गेलेलं होतं. म्हणून सरांनी सुरुवात त्यांच्यापासून केली : संचालक फुर्टव्हेंगलर आणि लंडनचा फिलहार्मोनिया वाद्यवृंद, १९५३. हा कन्चेर्टो सुरू होतो तो टिंपनीवरच्या (वाद्यवृंदातल्या मोठ्या नगाऱ्यांवरच्या) चार हलक्या ठोक्यांनी. जुलैत कौलांवर पाऊस कोसळत असला की ते ठोके ऐकूच येत नसत. सर आवाज वाढवत नसत. "पुढं सरका, जवळ बसा," म्हणत. आम्ही सगळे त्या लाकडी पेटीभोवती डोकी एकत्र करून बसायचो. मग तीनेक मिनिटं नुसता वाद्यवृंद, व्हायोलिनचा पत्ता नाही, आणि शेवटी ते हळूच खालून वर चढत येतं. मेन्युइनचा स्वर त्या ठिकाणी किंचित थरथरतो. पुढेही बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, प्रत्येक जागी स्थिर नाही. पण दुसऱ्या, संथ भागात त्या माणसाइतकं आतून वाजवणारा मी अजून ऐकलेला नाही. माझा पहिला क्रमांक ओइस्त्राखचा असला तरी त्या एका भागासाठी मी मेन्युइनकडेच जाते.

आता हायफेट्झ. याशा हायफेट्झने हाच कन्चेर्टो १९५५ साली शार्ल म्युन्श आणि बोस्टन सिंफनीबरोबर ध्वनिमुद्रित केला. पहिला भाग तो वीस मिनिटांच्या आसपास संपवतो. ओइस्त्राखला त्यालाच चोवीसेक मिनिटं लागतात. एका भागात चार मिनिटांचा फरक म्हणजे थोडाथोडका नव्हे. हायफेट्झचा एकही स्वर निसटत नाही, सगळं धारदार आणि लखलखीत. पण ज्या जागी रचनाच थांबायला सांगते आहे, तिथेही तो पुढे निघतो. ओइस्त्राख तिथे थांबतो. त्याचा स्वर जाड, उबदार, आणि लांब ओढलेल्या सुरातही शेवटपर्यंत भरलेला राहतो. सर विचारायचे त्या प्रश्नाचं, दम कुठं घेतला याचं, इतकं स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुठल्या जोडीत मिळणार नाही.

याच शाळेतली माझी एक मैत्रीण, मूळची हुक्केरीची, कन्नड विभागातली, हायफेट्झची कट्टर आहे. आजही फोनवर आमचं यावरून वाजतं. ती म्हणते, "ओइस्त्राख गोड आहे की अक्का, खरं हायफेट्झपुढं कोण उभारतंय?" तिला मी एकदा वोल्फगांग श्नायडरहान ऐकवला (१९६२, बर्लिन फिलहार्मोनिक, संचालक ऑयगेन योखुम). पहिल्या भागाच्या शेवटी वादकाने एकट्याने वाजवायची जी जागा असते, तिला कॅडेंझा म्हणतात. बेथोव्हनने व्हायोलिनसाठी ती लिहूनच ठेवली नाही. बहुतेक जण फ्रिट्झ क्राइसलरने लिहिलेली वाजवतात. मेन्युइन आणि ओइस्त्राखही तीच वाजवतात, आणि तिच्यात शेवटाकडे दोन मुख्य सुरावटी एकाच वेळी एकाच व्हायोलिनवर येतात तेव्हा अंगावर काटा येतो. पण बेथोव्हनने याच कन्चेर्टोचं पियानोसाठी रूपांतर केलं होतं आणि त्यासाठी मात्र स्वतः कॅडेंझा लिहिली, तीही टिंपनीच्या साथीने. श्नायडरहानने ती व्हायोलिनवर आणली. सुरुवातीचे ते ठोके तिथे पुन्हा व्हायोलिनच्या साथीला येतात. मैत्रिणीने ते ऐकून पक्ष बदलला नाही, पण तो भाग तिने लगोलग पुन्हा लावायला सांगितला.

ब्राम्सच्या कन्चेर्टोबद्दल आमचं भांडण लवकर मिटतं. ओइस्त्राखने १९६० साली संचालक ऑटो क्लेम्पररबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण तिलाही मान्य आहे. संथ भागाच्या सुरुवातीला ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याची लांब सुरावट येते आणि व्हायोलिनवादक नुसता उभा असतो. पाब्लो दे सारासाते या व्हायोलिनवादकाने म्हणे याच कारणासाठी हा कन्चेर्टो वाजवायला नकार दिला होता. ओइस्त्राख ओबो संपल्यावर शिरतो तेव्हा तोच श्वास पुढे नेतोय असं वाटतं. चायकोव्हस्की दोघींनाही हायफेट्झचाच आवडतो, १९५७चा, संचालक फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिंफनीबरोबरचा. तिथे त्याची घाई शोभते.

खरी बोलायची गोष्ट फिनलंडच्या सिबेलियस या संगीतकाराची आहे. या माणसाला स्वतःला व्हायोलिनवादक व्हायचं होतं. तरुणपणी व्हिएन्ना फिलहार्मोनिकसाठी त्याने चाचणीही दिली, निवड झाली नाही. पुढे १९०४ साली त्याने एकुलता एक कन्चेर्टो लिहिला, पहिला प्रयोग नीट वठला नाही म्हणून मागे घेतला आणि १९०५ मध्ये कापून, घट्ट करून पुन्हा पुढे आणला. मूळ रूप कित्येक दशकं कुणाला वाजवायची परवानगी नव्हती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हायोलिनवादक लिओनिदास कावाकोसचं मुद्रण निघालं, त्यात ते ऐकता येतं. दोन्ही रूपं एकामागोमाग ऐकली की सिबेलियसने कुठे कात्री लावली ते कळतं. पहिल्या भागातली दुसरी कॅडेंझाच त्याने काढून टाकली. सरांना हे मुद्रण ऐकायला मिळालं नाही याची रुखरुख मला अजून आहे. एकाच कलावंताने आपलीच रचना दोनदा सांगितलेली, म्हणजे त्यांच्या तासाचाच विषय.

या कन्चेर्टोत हायफेट्झचं १९५९चं मुद्रण (शिकागो, संचालक वॉल्टर हेन्डल) भल्याभल्यांना अखेरचा शब्द वाटतं. मैत्रिणीलाही. मी जिनेट नव्हू घेते. ही फ्रेंच मुलगी १९३५ साली वॉर्सॉच्या विएन्याव्स्की स्पर्धेत पंधराव्या वर्षी पहिली आली होती. दुसरा कोण, तर ओइस्त्राख! १९४५च्या नोव्हेंबरात, युद्ध नुकतंच संपलेलं असताना, तिने लंडनमध्ये वाल्टर ज्युस्किंड आणि फिलहार्मोनियाबरोबर सिबेलियस ध्वनिमुद्रित केला. जुनं मोनो मुद्रण आहे, खरखर आहे, वाद्यवृंद मागे कुठेतरी दूर वाटतो. सुरुवातीला मागची व्हायोलिनं दबक्या आवाजात कुजबुजत असतात आणि तिचा पहिला स्वर त्यावर येतो. हायफेट्झचा तोच स्वर थंड, बर्फासारखा. तिचा दुखावलेला, तरी ताठ. पुढे खालच्या तारेवर ती उतरते तेव्हा बो तारेत रुततो, आवाज थोडा फाटतो, आणि ती तो तसाच ठेवते. १९४९ साली अमेरिकेला जाताना विमान अपघातात ती गेली. तीस वर्षांची होती. पियानोवादक भाऊही बरोबरच गेला. पण मी तिला पुढे ठेवते ते त्या फाटलेल्या स्वरासाठी. ती गेली म्हणून नव्हे, हे मी मैत्रिणीला दर वेळी बजावते.

संगीताची खोली नव्याने बांधल्याचं समजलं. शाळेला एक विनंती आहे : शनिवारचा तो तास पुन्हा सुरू करावा. रेकॉर्डची गरज उरलेली नाही, एक बरा स्पीकर पुरे, तो मी आनंदाने देईन. सुरुवात मेंडेल्सनपासून करा. त्याच्या कन्चेर्टोत वाद्यवृंदाची लांब प्रस्तावना नाही, व्हायोलिन लगेच गायला लागतं, त्यामुळे पाचवी-सहावीची पोरंही चुळबुळ करणार नाहीत. पहिला भाग मेन्युइनचा लावा, लगेच तोच हायफेट्झचा. आणि मुलांना कोण भारी ते विचारू नका.